दोन चमचे होईपर्यंत

इंद्रलोक, भाईंदर पूर्व
६ फेब्रुवारी २०२५

ताई,

हे पत्र राघोच्या रिक्षातून पाठवतेय. फोन तू उचलत नाहीस. आठ वर्षं झाली. लोकांच्या बहिणी अमेरिकेत असतात आणि रोज सकाळी बोलतात. आपल्यामध्ये एक रेल्वेचा पूल आहे आणि वीस मिनिटांची रिक्षा.

तब्येत विचारत नाही. विचारली असती तर तू म्हणाली असतीस, आठ वर्षांनी आठवण झाली म्हणजे काम असणार. काम आहे.

समीक्षाचं लग्न ठरतंय. ठरलं नाही, ठरतंय, आणि या दोन शब्दांच्या मधल्या जागेत मी सध्या राहते. मुलगा आमच्याच इमारतीतला, सहाव्या मजल्यावरचा. मितेश शाह. तीन वर्षं दोघं रोज संध्याकाळी जिमला जायचे. वजन कोणाचंच कमी होत नव्हतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. घरात त्याची आई हंसाबेन आणि आजी, जिला अख्खी इमारत बा म्हणते. वडील धंद्यासाठी सुरतेत असतात. जैन माणसं. कांदा त्यांच्याकडे शिवीइतकाही येत नाही.

आणि इकडे आम्ही. अकरा वर्षांपूर्वी हा फ्लॅट घेताना बिल्डरच्या माणसानं विचारलं होतं, "नॉनव्हेज?" तेव्हा जितेंद्र माझ्याकडे न बघता म्हणाले, "छे, अंडंसुद्धा नाही." आडनाव पाटील असल्याचा हा फायदा. पाटील कोणीही असू शकतो. तेव्हापासून हे दर बुधवारी ऑफिसजवळ पापलेट खातात आणि मूठभर बडीशेप चावत घरी येतात. मी मात्र खरंच सोडलं. भीतीनं सोडलेल्याचं पुण्य लागतं का, हे बांना विचारायची सोय नाही.

आता काम. हंसाबेन आणि बा दोघी पश्चिमेच्या देरासरला दर्शनाला जातात आणि परतताना बाजारातून भाजी घेतात. तुझी सुक्या मासळीची पाटी त्याच रस्त्यावर. मी त्यांच्याबरोबर दिसले तर हाक मारू नकोस. आणि कोणी येऊन विचारलंच, इंद्रलोकची शालू पाटील तुमची कोण, तर सांग, कोणी नाही. लग्न होईपर्यंत फक्त. मग मी स्वतः येईन.

लिफ्टमधलं डोक्यातून काढून टाक. तेव्हा मी घाईत होते.

शालू

१५ फेब्रुवारी

ताई,

राघो म्हणाला, तू पत्र घेतलंस, चष्मा लावून दोनदा वाचलंस, घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवलंस आणि त्याला विचारलंस, बोंबील घेनार का. एवढंच. तुझं हे असं गप्प बसणं मला लहानपणापासून मारापेक्षा जास्त लागतं.

उद्या दोन्ही घरांची बैठक आहे, आणि ती जपानी हॉटेलात आहे. हसू नकोस. त्यांच्या घरी गेलो तर आम्ही पाहुणे, आमच्या घरी आले तर बा पाणीसुद्धा पिणार नाहीत. म्हणून मितेशनं अशी जागा काढली जिथे दोन्हीकडचे सारखेच अडाणी. मीरा रोडला नवं उघडलंय. दारावर पाटी आहे: "शुद्ध शाकाहारी जपानी. जैन रामेन मिळेल." जपान्यांना हे कळलं तर काय वाटेल कोण जाणे.

रामेन म्हणजे मोठ्या वाडग्यात गरम रस्सा आणि त्यात शेवया. वर भाज्या मांडलेल्या, रांगोळी काढावी तशा. ते काड्यांनी खायचं. समीक्षानं आठवडाभर शिकवणी लावली आहे. मी पेन्सिलींवर सराव करते, जितेंद्र अगरबत्तीच्या काड्यांवर, त्यामुळे घरात शेवया आणि भक्ती दोन्हींचा वास येतो. तिची सूचनांची यादी लांबलचक आहे. रस्सा म्हणायचं नाही, ब्रॉथ म्हणायचं. फुरकी मारली तर चालते, जपानात तो मान समजतात. गाव, मिठागर, आजीचा धंदा, यातलं काहीही तोंडातून काढायचं नाही.

"आई, तू फक्त हस," म्हणाली.

"किती वेळ?"

"बिल येईपर्यंत."

बांमुळे वेळ पाचची ठेवली आहे. सूर्य मावळल्यावर त्या खात नाहीत.

ताई, मला झोप लागत नाही. स्वप्नात माझ्या पदराला जवळा चिकटलेला असतो आणि बा एकेक वेचून बशीत ठेवतात, काही न बोलता. कोणी एवढंच म्हणालं ना, की शालूबेन तुमच्या घरात कसला वास येतो, तरी मी तिथेच कोसळेन. समीक्षा हसत असते हल्ली. पोळ्या लाटताना गाणी म्हणते. ते माझ्यामुळे बंद पडलं तर मी कुठे तोंड लपवू?

आई पोत्याच्या तोंडाशी नाक नेऊन सांगायची, या जवळ्याला पाऊस लागलाय, हा घेऊ नका. तिचे हात तुझ्याकडे आले, नाक माझ्याकडे. ते नाक अकरा वर्षं मी उदबत्त्या ओळखण्यात वाया घालवलं.

शालू

१७ फेब्रुवारी

ताई,

जे झालं ते क्रमानं सांगते. मधे थांबले तर पुढे लिहिणार नाही.

आम्ही पावणेपाचलाच पोचलो. लाकडी बाकं, कागदी कंदील, भिंतीवर लाटेचं चित्र. मालक बाहेर आला. जपानी वगैरे काही नाही, अभिनव नावाचा चाळिशीचा मराठी माणूस, दोन वर्षं तिकडे राहून आलेला. प्रत्येक वाक्यानंतर कमरेत वाकत होता. जितेंद्रही त्याला वाकून उत्तर देत होते. शेवटी समीक्षानं त्यांना शर्टाला धरून खाली बसवलं.

हंसाबेन माझ्या समोर, बा त्यांच्या शेजारी, मुलं टोकाला. बोलणं छान चाललं होतं. हॉल कुठला, पाहुणे किती. मी हसत होते. गाल दुखायला लागले होते.

सहा वाडगे आले. सगळे जैन. झाकणं उघडली, वाफ वर आली, आणि ताई, मी नऊ वर्षांची झाले. आपला ओटा, वाळत घातलेला माल, मिठागराकडून येणारा वारा. तोच वास! तिळाच्या तेलाखाली, आल्याखाली, अगदी तळाशी बसलेला. मला वाटलं, माझ्या अंगालाच येतोय. खरं सांगते, मी आधी माझा पदर हुंगला.

मग कळलं, वाडग्यातून येतोय.

हंसाबेननी चमचा भरला. "बहुत लाइट है हां," म्हणाल्या. "शालूबेन, आप लो ना, ठंडा हो जाएगा."

एक चमचा.

माझ्या मनात काय चाललं होतं ते जसंच्या तसं लिहिते. यात मासळी आहे. बोलले तर विचारतील, तुला कसं कळलं. नाही बोलले तर कोणालाच कधी कळणार नाही. लग्न होईल. समीक्षा सहाव्या मजल्यावर राहायला जाईल. रामेनवर कोणाचं लग्न मोडत नाही. गप्प बस शालू.

दुसरा चमचा.

बांनी डोळे मिटले होते, ओठ हलत होते. जेवायच्या आधी त्या नवकार म्हणतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईनं आयुष्यात जमिनीखालचा कांदा उकरला नाही, की कोणी जीव दुखावेल. तो मंत्र संपेपर्यंतच माझ्याकडे वेळ होता. मला वाटलं आता आवाजच निघणार नाही आणि मी सुटेन.

बांनी डोळे उघडले. चमचा उचलला. ओठांशी नेला.

"बा, रुको! इसमें मच्छी है!"

आवाज निघाला. तो कसा निघाला माहीत नाही, बाजारात हाक मारावी तसा. शेजारच्या टेबलावरच्या बाईच्या काड्या खाली पडल्या.

अभिनव धावत आला. "मॅडम, शंभर टक्के व्हेज आहे."

"मला शिकवू नका," मी म्हटलं. "सुक्या मासळीचा वास आहे हा. झोपेतही ओळखेन."

हंसाबेनचा तिसरा चमचा हवेतच होता. तो त्यांनी हळूच खाली ठेवला. "शालूबेन," त्या म्हणाल्या, "आपको कैसे मालूम, मच्छी का बास कैसा होता है?"

जितेंद्र मदतीला आले. "हिला सायनस आहे," म्हणाले.

ताई, इथे मला आपली लिफ्ट दिसली.

तू विसरली नसशीलच, पण मी ते आजवर कुठे लिहिलं नाही, म्हणून लिहिते. समीक्षाचा दहावीचा निकाल लागला होता. तू सोड्यांचा डबा घेऊन आलीस. लिफ्टमध्ये तू, मी आणि हंसाबेन. त्यांनी नाकाला रुमाल लावला. तू मला म्हणालीस, "आगो, पोरीला सोडे आवरतान ना?" आणि मी हंसाबेनकडे बघून म्हणाले, "पता नहीं कौन है, गलत बिल्डिंग में आ गई है." तू डबा लिफ्टच्या जमिनीवर ठेवलास आणि पुढच्या मजल्यावर उतरून जिन्यानं गेलीस. मी घाईत नव्हते, ताई. मागच्या पत्रात खोटं लिहिलं.

रामेनच्या टेबलावर मी पुन्हा त्याच लिफ्टमध्ये उभी होते. या वेळी म्हटलं, "हंसाबेन, मी मोरवा गावची. आमची मिठागरं होती. ती गेल्यावर आईनं सुकी मासळी विकून आम्हाला वाढवलं. माझी सख्खी बहीण अजून विकते. पश्चिमेच्या बाजारात, देरासरच्या रस्त्याला."

हंसाबेन म्हणाल्या, "वो लिफ्टवाली? आप तो बोली थी..."

"हो. बोलले होते."

तेवढ्यात अभिनव आतून काचेची बरणी घेऊन आला. तिच्यात काळपट, चामड्यासारख्या पट्ट्या, वर पांढरी भुकटी, मिठागराच्या बांधावर धरते तशी. "मॅडम, मासळी नाही. ही समुद्रातली वनस्पती. हिचंच पाणी काढतो आम्ही रश्शासाठी. कांदा नाही, लसूण नाही, मशरूमसुद्धा नाही." त्यानं झाकण उघडून बरणी माझ्या नाकाखाली धरली.

तोच वास. माशाचा नव्हता. समुद्राचा होता. आपण ज्याला आयुष्यभर मासळीचा वास म्हणत आलो, त्यातला अर्धा पाण्याचाच असतो, हे मला बावन्नाव्या वर्षी, मीरा रोडला, होणाऱ्या व्याह्यांसमोर कळलं.

समीक्षा पांढरीफटक पडली होती. "आई," ती हळूच म्हणाली, "एवढ्या वर्षांत एकदा खरं बोललीस, आणि तेही चुकीचं."

माझी इच्छा होती की जमीन फाटावी. मीरा रोडला ती रोज कुठे ना कुठे खणलेली असते, नेमकी तिथेच नव्हती.

तेव्हा बा बोलल्या. पहिल्यांदाच. "वनस्पति? कौन सी वनस्पति? पेड़ पे आती है?"

"नाही बा, पाण्यात. म्हणजे... शेवाळासारखी."

"लील?"

अभिनव वाकला. या वेळी जरा कमी.

"लील तो अनंतकाय है, बेटा," बा म्हणाल्या. "एक टुकड़े में अनंत जीव. हम तो बारिश में लील पे पैर भी नहीं रखते." आणि त्यांनी वाडगा दोन्ही हातांनी पुढे सरकवला.

म्हणजे मी चुकले होते, आणि चुकूनही बांचं व्रत वाचलं होतं. ताई, मला वाटलं सुटले. एक क्षणभर खरंच वाटलं.

हंसाबेनच्या तोंडावर हात होता. "बा, मैंने तो पी लिया."

"दो चम्मच," बा म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे फार बारीक आहेत, आणि त्यात राग नव्हता, म्हणून मी जास्तच घाबरले. "शालूबेन, बास तो ढक्कन खुला तभी आई होगी. दो चम्मच तक आप चुप क्यों रही?"

माझ्याकडे उत्तर एकच होतं. "डर गई थी, बा."

"और अब?"

"अब भी."

बांनी पिशवीतून खाखऱ्याचा डबा काढला. सगळ्यांना एकेक दिला. अभिनवलाही दिला. मला दिला नाही. विसरल्या की दिला नाही, ते कालपासून मी ठरवतेय.

निघताना फक्त म्हणाल्या, "मुझे आपकी बहन से मिलना है."

तेव्हा त्या आल्या तर माझं पहिलं पत्र विसर. सांग, हो, शालू माझी बहीण.

शालू

२२ फेब्रुवारी

ताई,

सोमवारचं पत्र मी राघोला दिलंच नाही. लिहिताना धीर होता, घडी घातली तेव्हा संपला. त्यात लिफ्ट होती. तुझ्या हातात ते पडेल, चष्मा लावून तू ते दोनदा वाचशील. उद्या देते, उद्या देते करत पाच दिवस कपाटात पडलं.

आणि काल बा आणि हंसाबेन तुझ्याकडे येऊन गेल्या.

हंसाबेन परत येताना आमच्या तिसऱ्या मजल्यावर थांबल्या. बेल वाजवली, आत आल्या नाहीत. "शालूबेन, हम लोग बाजार गए थे. बा ने पूछा, इंद्रलोक की शालू पाटील आपकी कौन. वो बोली, कोई नहीं. मेरी कोई बहन नहीं है." मग म्हणाल्या, "बा बोलती है, ग्यारह साल वाला झूठ समझ में आता है. पर ये कौन सा नया झूठ है?"

मी दार धरून उभी राहिले.

तुझा शब्दही मला ऐकू येतोय. "न्हाय. माजी कोन बहीन न्हाय." मी सांगितलं तेच तू म्हणालीस. माझ्याच अक्षरातलं. आता हा आज्ञाधारकपणा की सूड, विचारायची माझी लायकी नाही. बहुधा दोन्ही. तू कुठलंच काम अर्धवट करत नाहीस.

वर काय चाललंय ते कळत नाही. मितेश खाली येत नाही. समीक्षा गाणं म्हणत नाही. काल रात्रीची पोळी तिनं चार तुकडे करून तशीच ठेवली. आज सकाळी मला म्हणाली, "आई, इंदूमावशी खरंच आहे ना? म्हणजे मी लहानपणी पाहिली होती ना?" बघ, माझ्या खोट्यानं आता पोरीच्या आठवणीतूनही तुला काढायला घेतलंय. जितेंद्रनी मात्र या बुधवारी पापलेट खाल्लं नाही. घाबरणं संसर्गजन्य असतं.

एक गोष्ट तुला माहीत नाही. तो सोड्यांचा डबा. तासाभरानं मी लिफ्टमध्ये गेले. तो तिथेच होता, वर-खाली करत. इमारतीनं त्याला हात लावला नव्हता. मी आणला. तीन पिशव्यांत बांधून माळ्यावर दिवाळीच्या पणत्यांमागे ठेवला. आठ वर्षं. आज खाली काढला. उघडला. सोड्यांना काही झालेलं नाही, ताई. तू नीट वाळवले होतेस.

उद्या रविवार. बा दहाच्या सुमारास देरासरला जातात, तुझ्या पाटीवरून. मी साडेनऊला येतेय. हा डबा आणि ही दोन्ही पत्रं घेऊन. राघोला नाही सांगितलं, चालत पुलावरून येणार, म्हणजे मधेच परत फिरायला पूल तरी असेल. नाही, तसंही नाही. येणारच.

तुझ्या शेजारी गोणपाटावर बसेन. पत्रं तू वाच किंवा वाचू नकोस. बा आल्या आणि त्यांनी पुन्हा विचारलं, ही तुमची कोण, तर काय सांगायचं ते तू ठरव. मी मधे बोलणार नाही. लग्न मोडायचं असेल तर मोडेल, पण ते खोट्यावर मोडलं असं आता नको.

तू मान वर करून असंही म्हणू शकतेस, "बाई, तुमी चुकीच्या जागी आलाव." वाक्य माझंच आहे. मला पाठ आहे. ते ऐकायला लागलं तर मी उठेन, डबा तिथेच ठेवेन आणि जिना शोधत जाईन.

एवढंच मागते. म्हणायचं असेल तर म्हण, पण लगेच म्हणू नकोस. दोन चमचे होईपर्यंत थांब.

तुझी
शालू